'मांगितलं का माणसं तुटतात' : नागपुरातल्या एका डबेवाल्या काकूंचं प्रकरण

वय ४१. राहणार मानेवाडा रोडच्या बाजूला. सात वर्षांपासून घरूनच डबे पुरवण्याचा धंदा. गिऱ्हाईक २४, बहुतेक सगळी स्पर्धा परीक्षेची नाहीतर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं. कोणी गडचिरोलीचा, कोणी गोंदियाचा, कोणी यवतमाळकडचा. नवरा हिंगणा एमआयडीसीत खासगी नोकरीत, पगाराची तारीख नक्की नाही. दोन मुलं शाळेत. चार महिन्यांपासून पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, डोकं ठणकतं, छातीत जळजळ होते. घरच्या डॉक्टरांनी रक्तदाब, थायरॉइड, हिमोग्लोबिन पाहिलं. त्यात काही निघालं नाही, म्हणून समुपदेशनाला पाठवलं.

या काकू म्हणजे कोणी एक बाई नव्हेत. अशा कामात पुन्हापुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी जोडून हे प्रकरण बांधलं आहे. रकमा आणि गुणही त्याच बेतानं घेतले आहेत. पद्धत मात्र प्रत्यक्षात वापरतात तीच.

पहिल्या दोन भेटी

'माझी एक समजूत मला अडवते' असं म्हणत कोणीही येत नाही. काकूंचं वाक्य होतं, "धंदा माह्याच्यानं होऊन नाही रायला. बंदच करतो आता." असल्या वाक्यावर लगेच तुटून पडायचं नसतं. आधी दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी ९, म्हणजे सौम्य. चिंतेसाठीच्या जीएडी-७ मध्ये २१ पैकी ११, म्हणजे मध्यम. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याचं उत्तर बेरजेत हरवू न देता वेगळं वाचायचं. इथे ते शून्य होतं. तसं नसतं, किंवा बेरीज १५ च्या वर गेली असती, तर समजुतींचं काम बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं लागलं असतं. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, मानसोपचार विभागात ती सोय आहे, आणि अडीअडचणीला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

घरात मारहाण आहे का आणि पैसा कोणाच्या हातात असतो, हेही पहिल्याच भेटीत विचारलं. ज्या बाईची कमाई दुसरंच कोणी काढून घेतं, तिला 'तुमचे विचार बदला' असं सांगणं म्हणजे तिच्यावर आणखी एक अन्याय. इथे तसं नव्हतं. पैसा काकूंच्याच हातात होता. फक्त तो येतच नव्हता.

दुसऱ्या भेटीला हिशेबाची वही घेऊन बोलावलं. समुपदेशनाच्या खोलीत डब्याचा हिशेब कशाला, असं वाटेल. पण नुकसान नेमकं किती आणि कुठे, हे कळल्याशिवाय समजुतीची किंमत कळत नाही. दोन वेळच्या डब्याचे महिन्याला २,६०० रुपये. तीन वर्षांत दर हललेला नाही. रविवारी रात्री सुट्टी, म्हणजे माणशी ५६ डबे. एका डब्यात चार पोळ्या, वरण, भात, एक भाजी. किराणा, भाजी आणि १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर धरून खर्च ३६ रुपये, पोचवणाऱ्या मुलाचे ४. चाळीसनं गुणले तर २,२४०. एका गिऱ्हाइकामागे उरतात ३६०, चोवीसांचे ८,६४०. त्यातून पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींचे ५,००० गेले की काकूंना महिनाभराच्या राबण्याचे ३,६४०. तेही सगळ्यांनी वेळेवर दिले तर. नऊ जणांकडे मिळून ३८,६०० थकले होते, आणि किराणावाल्याचं तोंड बंद करायला बचत गटातून २०,००० उचललेले होते. पहाटे तीनची जाग या वहीतच होती.

'थकबाकी का मागत नाही?' याचं उत्तर एका दमात आलं: "मले पैसे मांगाले जमत नाही. मांगितलं का माणसं तुटतात."

खाली उतरत जाणं

आरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९६० च्या दशकात मांडलेल्या बोधात्मक उपचारपद्धतीत विचारांचे तीन थर धरतात. वरचा थर प्रसंगी आपोआप उमटणाऱ्या विचारांचा. मधला नियमांचा आणि 'असं केलं तर तसं होईल' या गृहीतकांचा. तळाला स्वतःबद्दलची, लोकांबद्दलची, जगाबद्दलची मूळ समजूत. वरचा विचार माणूस सहज सांगतो. मधला आणि तळचा थर काढायला एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत खाली उतरायचं असतं.

"ताई, समजा तुम्ही मागितले. मग?"
"पोरगं नाराज होईन."
"नाराज झालं तर काय होईल?"
"दुसरीकडं डबा लावून घेईन."
"लावला तर?"
"बाकीच्याईले सांगन का, काकू पैशाच्या मांगं हाय."
"आणि तसं तो म्हणाला, तर त्यातून तुमच्याबद्दल काय ठरतं?"
"म्हंजे मी मतलबीच झाली ना."

इथे थांबायचं. थांबण्याची खूण म्हणजे तेच उत्तर दुसऱ्यांदा येतं, किंवा बोलता बोलता आवाज एकदम बदलतो. काकूंचे डोळे भरले. नवख्यांकडून इथे दोन चुका होतात. एक, 'मग?' विचारत राहण्याच्या नादात उलटतपासणी होते आणि समोरचा माणूस मिटतो. दुसरी, तळ सापडल्याच्या आनंदात लगेच 'छे, तुम्ही कुठे मतलबी!' असं म्हणून टाकणं. धीर म्हणून ते बरं वाटतं, पण काकूंना त्यातून एवढंच कळतं की समोरचा सभ्य आहे.

कागदावर तीन ओळी आल्या. तळाला: मी मतलबी आहे. गृहीतक: मागितलं तर माणसं तुटतात. नियम: समोरच्यानं आपणहून दिलं तरच घ्यायचं. मधल्या ओळीवर किती विश्वास आहे, हे शून्य ते शंभरात विचारलं. उत्तर आलं ९५. हा आकडा प्रत्येक भेटीत लिहायचा, कारण 'आता बरं वाटतं' यावरून समजूत हलली की नाही ते कळत नाही.

ही समजूत आली कुठून, यावर एकच भेट खर्च केली. वडिलांचं नागपूरच्या महाल भागात किराणा दुकान, उधारीची लाल वही, आणि काकू अकरा वर्षांच्या असताना मामाकडे राहिलेल्या सात हजारांवरून झालेलं भांडण. मामा पुन्हा उंबरठा चढला नाही. आई वर्षानुवर्षं म्हणत राहिली, पैशापायी भाऊ गमावला. अकरा वर्षांच्या मुलीनं त्यातून जो निष्कर्ष काढला तो तिच्या वयाला आणि त्या घराला धरूनच होता. एवढं कळलं की पुरे. भूतकाळ उकरण्यात सहा-सहा महिने जातात, आणि थकबाकी तिथेच राहते.

समजूत जिवंत कशी राहिली

या प्रकरणातली खरी गोष्ट ही आहे. तीस वर्षांत एखाद्या तरी माणसाकडे पैसे मागितले गेले असतील आणि तो तुटला नसेल. मग समजूत आपोआप ढासळली का नाही? पॉल साल्कोव्हस्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९९१ साली याचं उत्तर मांडलं. भीतीपासून वाचायला माणूस ज्या बारीक बारीक तजविजी करतो, त्याच भीतीला खोटं ठरू देत नाहीत. संकट आलं नाही याचं श्रेय तजविजीला जातं.

काकूंच्या तजविजी पाहा. मागायचं असलं की आदल्या दिवशी डब्यात संत्रा बर्फीचा तुकडा जास्तीचा. चिठ्ठी पोचवणाऱ्या मुलाच्या हाती, स्वतः कधीच नाही. व्हॉट्सॲप गटात 'ज्यांचं बाकी असेल त्यांनी पाहून घ्या', म्हणजे कोणालाच नाही. प्रत्यक्ष भेट झालीच तर रक्कम पुटपुटायची आणि लगेच 'राहू दे, घाई नाही' जोडायचं. आणि सगळ्यात महागडी तजवीज, बचत गटाचं कर्ज. पैसे आले तर बर्फीमुळे, गोड बोलण्यामुळे. नाही आले तर पाहा, मागण्यात अर्थच नाही. दोन्हीकडून समजूतच जिंकते.

म्हणून वाद घालून काही होत नाही. नवरा दोन वर्षं 'धीट हो' म्हणत होता. आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली 'हे मला जमेल' या विश्वासाचे चार उगम सांगितले: स्वतः करून पाहिलेलं, आपल्यासारख्यानं केलेलं पाहणं, दुसऱ्यानं दिलेला भरवसा, आणि शरीराची अवस्था. यांत सगळ्यात जोरकस पहिला. भरवशाचे शब्द त्यामानानं दुबळे. आरशासमोर 'मी समर्थ आहे' म्हणण्याचा उपायही काकूंनी मोबाइलवर पाहून केला होता. कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं होतं की ज्यांचा स्वतःबद्दलचा आदर आधीच कमी आहे, त्यांना अशा वाक्यांनी उलट जास्त वाईट वाटू शकतं. पुढे प्रत्येक अभ्यासात तेच निघालं असं नाही. पण न पटणारं वाक्य रोज म्हटलं की मन रोज त्याचा पुरावा मागतं, एवढं समुपदेशनाच्या खोलीत नेहमी दिसतं.

अडचण डोक्यात किती, बाजारात किती

प्रयोगांच्या आधी एक काम राहतं, आणि ते बहुधा गाळलं जातं. अडवणारी गोष्ट सगळीच मनातली नसते. काकूंनी स्वतः फोन करून पाच खानावळींचे दर विचारले. २,९०० ते ३,४०० निघाले. म्हणजे दर वाढवायला जागा होती. नऊ थकबाकीदारांपैकी दोघांच्या घरी कापूस-सोयाबीन विकल्यावरच पैसा येतो. त्यांची थकबाकी हा हंगामाचा प्रश्न होता, तिथे धीटपणा कामाचा नाही, हप्ता कामाचा. आणि पैशाबद्दल स्पष्ट बोलणाऱ्या बाईला लोक पुरुषापेक्षा लवकर नाव ठेवतात, हेही काकूंचं निरीक्षण चुकीचं नव्हतं.

या बाबतीत भारतातलाच एक अभ्यास फार महत्त्वाचा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले; २००६ साली तो अभ्यास छापून आला. जात जाहीर केली नव्हती तेव्हा उच्च आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली, की खालच्या मानलेल्या जातींची मुलं मागे पडली. कोडी तीच, मुलंही तशीच. माणसाची 'समजूत' पुष्कळदा भोवतालच्या वागणुकीचा अंदाज असतो, आणि तो अंदाज कधीकधी बरोबरही असतो. तो तपासल्याशिवाय समजुतीला अडसर ठरवायचं नाही.

प्रयोग

प्रत्येक प्रयोगाआधी चार गोष्टी लिहायच्या: काय करणार, काय होईल असं वाटतं, त्यावर किती टक्के विश्वास, आणि या वेळी कुठली तजवीज वापरायची नाही. 'वाईट वाटेल' हा अंदाज चालत नाही, तो मोजता येत नाही. 'सातपैकी पाच जण चिडतील, तीन डबा बंद करतील' हा चालतो.

मागण्याचं वाक्य ठरलं: "मागच्या महिन्याचे २,६०० राहिले आहेत. शुक्रवारपर्यंत देशील का?" रक्कम, तारीख, प्रश्न. त्यानंतर गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड असतं, म्हणून खोलीत आठ-दहा वेळा सराव केला. समुपदेशकानं मुलाची भूमिका घेतली, एकदा मुद्दाम कपाळाला आठ्या घालून.

पहिला प्रयोग दोनच मुलांवर, त्यातल्या त्यात सोप्या. तो फसला. काकूंनी वाक्य बरोबर म्हटलं आणि शेवटी 'घाई नाही हं' जोडलं. पैसे आले नाहीत. समजुतीचा आकडा ९५ वरच. तजवीज शिरली की प्रयोग रद्द धरायचा आणि पुन्हा करायचा, दोष न देता. पुढच्या आठवड्यात तेच दोघं, त्या तीन शब्दांशिवाय. एकाचे २,६०० त्याच संध्याकाळी यूपीआयनं आले, दुसऱ्याचे ५,२०० गुरुवारी. दुसरा वर म्हणाला, "काकू, मले वाटलं तुम्ही पुढच्या महिन्यात जोडून घेता." आकडा ७०.

मग उरलेले सात, ३०,८०० रुपये. काकूंचा अंदाज वर दिलेलाच. प्रत्यक्षात चौघांनी तारखेच्या आत १४,३०० दिले. शेतकऱ्यांच्या त्या दोन मुलांनी ११,३०० चे हप्ते मागितले. ते तारखांसकट वहीत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. सातवा मुलगा मात्र ५,२०० बुडवून गेला, आणि जाताना 'काकू बदलल्या' असा निरोप ठेवून गेला. तोवर आकडा ५५ पर्यंत उतरला होता, तो ८० वर चढला.

अशा वेळी 'बाकीचे सहा पाहा ना' असं म्हणायचा मोह होतो. ते खरं असतं, पण चुकीच्या वेळी. काकूंच्या दृष्टीनं जे भाकीत होतं ते घडलं होतं. म्हणून आधी तेच मान्य केलं: एक जण गेला, आणि पैशावरूनच गेला. मग विचारलं, त्याचा खोलीतला जोडीदार? तो जेवत होता. गटातून आणखी कोणी गेलं? नाही. 'मतलबी' या शब्दासाठी एक आडवी रेघ काढली, शून्य ते शंभर. शंभरावर कोण? काकूंनी सांगितलं, पैसे पूर्ण घेऊन वरणात पाणी ओतणारा. नव्वदावर, थकबाकीसाठी मुलाच्या मार्कशीटा अडकवून ठेवणारा खोलीमालक. चाळीसवर, ताप आलेल्या मुलाचाही खाडा न धरणारा मेसवाला. एक तारखेला पैसे मागणारी पण आजाऱ्याला मऊ भात पाठवणारी बाई? काकू जरा थांबल्या आणि १५ वर टिंब दिलं. ते टिंब कोणाचं, हे सांगावं लागलं नाही. दोन टोकांचा विचार अशा रेघेवर आणला की मधल्या जागा दिसतात. मात्र टोकाची माणसं काकूंच्याच ओळखीतली हवीत. पुस्तकी उदाहरणांनी रेघ हलत नाही.

तिसरा प्रयोग दरवाढीचा. तो मुद्दाम जुलैला धरला, नवी मुलं शहरात येतात तेव्हा. दिवाळीच्या तोंडावर मुलं गावी जातात आणि कोण दरामुळे गेलं, कोण घरी गेलं, ते कळत नाही. दर ३,०००, एक महिना आधी सूचना, पैसे पाच तारखेच्या आत आगाऊ. अंदाज: तेवीसपैकी दहा जातील. गेले तीन, नवे आले दोन. बावीस गिऱ्हाइकांवर माणशी ७६० उरले, १६,७२०. मावशींचे ५,००० वजा जाता ११,७२०. आधीच्या ३,६४० च्या तिपटीहून जास्त, तेही दोन गिऱ्हाइकं कमी असून.

काकूंच्या झोपेचीही नोंद ठेवली जात होती. तिच्याबद्दल एक बारीक गोष्ट. नागपुरात मे महिन्यात घेतलेली झोपेची नोंद फार विश्वासाची नसते. रात्रीही उकाडा, कूलरचं पाणी संपलं की जाग. काकूंची जाग मेमध्ये वाढली म्हणून उपचार फसला असं धरलं असतं तर घोटाळा झाला असता. जूनच्या शेवटच्या आठवड्यापासूनची नोंद पहिल्या नोंदीशी ताडून पाहिली.

नोंदवही

जुनी समजूत ढिली झाली तरी तिच्या जागी काही ठेवावं लागतं. नवं वाक्य काकूंनीच बनवलं: 'डब्याचे पैसे मागणं व्यवहार आहे. बहुतेक टिकतात, एखादा जातो.' 'सगळे खुश राहतील' असलं वाक्य घेतलं असतं तर पहिल्याच निरोपाला मोडलं असतं. रोज रात्री या वाक्याच्या बाजूचा एक पुरावा लिहायचा. पहिल्या पंधरा दिवसांत काकूंनी 'अमक्याचे आले' एवढंच लिहिलं. ही जमेची वही झाली. हवी होती अशी नोंद: 'सकाळी बोलून मागितले, संध्याकाळी त्यानंच विचारलं उद्या पाटवडी करता का.' मागणं आणि नातं, दोन्ही एका ओळीत. माणूस आपल्या समजुतीविरुद्धचे पुरावे पाहतो, पण साठवत नाही, म्हणून ही लिहिण्याची सक्ती.

बाराव्या भेटीला जुन्या गृहीतकाचा आकडा ३५, नव्या वाक्याचा ७०. पीएचक्यू ४, जीएडी ५. बचत गटाचे ८,००० राहिले होते.

तीन महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा एक कोपरा तसाच होता. नणंदेचा मुलगा शिकायला नागपुरात आला होता आणि दोन्ही वेळा फुकट जेवत होता. तिथे 'मागितलं तर माणसं तुटतात' हा आकडा ८० च. प्रयोग सुचवल्यावर काकू म्हणाल्या, "ते मी नाही करत. त्याचे पैसे नाही मांगायचे मले." यावर जोर केला नाही. भीतीनं न मागणं आणि ठरवून न मागणं यांत फरक आहे, आणि तो ओळखायला एकच कसोटी वापरली: महिन्याचा २,२४० खर्च वहीत 'भाच्याचा डबा' म्हणून उघड लिहाल का? त्यांनी लिहिला, नवऱ्याला दाखवला, आणि तो धंद्याच्या नफ्यातून न काढता घरखर्चात टाकला.

त्याच भेटीत डिसेंबरचा विषय निघाला. हिवाळी अधिवेशनासाठी बाहेरून येणाऱ्या चाळीस माणसांच्या जेवणाची विचारणा होती. आतापर्यंत असं काम आलं की 'तुम्हीच काय ते द्या' म्हणायची सवय. ठरलं ते असं: ताटाचा दर कागदावर, निम्मे पैसे आगाऊ, आणि बोलणी काकूंनी स्वतः करायची, पोचवणाऱ्या मुलाला पाठवायचं नाही.